एका निविदेचे रसग्रहण

मराठीत समीक्षा कशाकशाची होते, याचा मी एकदा बसून हिशेब मांडला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला हिशेब मांडायला कारण लागत नाही, कागदाची पाठकोरी बाजू पुरते. तर त्या हिशेबात असे निघाले, की कवितेची होते, कथेची होते, कादंबरीची होते. नाटकाची तर पहिल्या प्रयोगाचा पडदा पडायच्या आत होते. ज्या कवितासंग्रहाच्या निम्म्या प्रती कवीच्याच पलंगाखाली असतात, त्याच्यावरही तीन-तीन रकाने परीक्षण येते आणि त्यात आत्मनिष्ठ जाणिवेचा वगैरे आकृतिबंध सापडतो. परंतु ज्या वाङ्मयावर शहरातल्या लाखो माणसांची संध्याकाळ अवलंबून असते, त्याच्यावर एका ओळीचेही परीक्षण अजून माझ्या वाचनात आलेले नाही. मी निविदा-वाङ्मयाबद्दल बोलतो आहे. आणि त्यातही सार्वजनिक बागा सांभाळणाऱ्या ठेकेदारांसाठी ज्या अटी आणि शर्ती निघतात, त्या उपप्रकाराबद्दल.

हे वाङ्मय मला शोधत जावे लागत नाही. ते आपल्या पायांनी माझ्या टेबलावर येते. बँकेत माझ्याकडे गॅरंटीचे काम आहे. पालिका ठेकेदाराला विचारते, ‘तू काम अर्धवट टाकून पळालास तर?’ ठेकेदार म्हणतो, ‘बँक आहे ना!’ बँक ठेकेदाराला विचारते, ‘आणि तू आम्हालाच टाकून पळालास तर?’ मग ठेकेदार घराचे कागद आणि बायकोची मुदत ठेव आणून ठेवतो. अशा रीतीने सर्वांचा सर्वांवरचा अविश्वास मुद्रांकावर टंकून झाला, की मंडळी विश्वासाने कामाला लागतात. या अर्जाला निविदेची प्रत जोडावी लागते. इतर कारकून ती फायलीला टोचतात. मी वाचतो. माणसाला वाचनाचा नाद असला आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असली, की तो काय वाचेल ते सांगता येत नाही.

आजवर अशा बऱ्याच पुस्तिका वाचल्या. शहर निराळे, मुखपृष्ठावरचे बोधचिन्ह निराळे. पण आतला मजकूर म्हणजे एकाच आईची लेकरे. सध्या समोर आहे ती ९७ पानांची. आता गंमत पाहा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने भारताच्या घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. शहरांच्या कारभाराचे अठरा विषय तिच्यात आहेत आणि बाराव्या क्रमांकावर उद्याने, बागा, क्रीडांगणे अशा नागरी सोयी आहेत. म्हणजे साऱ्या देशाच्या बागांना घटनेने एक ओळ दिली. एका वॉर्डातल्या सात बागांना पालिकेने ९७ पाने दिली. संक्षेप ही कला आहे, ती अशी एखाद्यालाच साधते.

या ग्रंथाचा कर्ता कोण? मुखपृष्ठावर कोणाचे नाव नाही. आत ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणून एक पुरुष वारंवार येतो, पण त्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. माझ्या मते हे वाङ्मय अपौरुषेय आहे. एका कारकुनाने मागच्या कारकुनाची प्रत समोर ठेवून नवी प्रत केली, त्याच्यावरून पुढच्याने केली. याला अंतर्गत पुरावा आहे. पान ४१ वर, हिरवळ आणि गुलाबाचे वाफे यांच्यामध्ये, सळईची चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत करून आणावी याचे सविस्तर कलम आहे. बागेत सळई कशाला? तर कुठल्या तरी पूर्वजन्मी हा ग्रंथ पुलाचा होता. पुनर्जन्म झाला, पण वासना राहिली. ज्ञानेश्वरीतही असे पाठभेद आणि प्रक्षेप शिरले होते; १५८४ साली एकनाथ महाराजांनी बसून ती शुद्ध केली. निविदेला तिचे एकनाथ अजून भेटायचे आहेत.

भाषाशैलीविषयी काय सांगावे! या शैलीचा प्राण म्हणजे ‘सदर’. सदर बाग, सदर काम, सदर ठेकेदार, सदर झाड. एकेक वाक्य असे, की सकाळी त्याच्यात शिरलेला माणूस क्रियापदाला भेटेपर्यंत दुपारची डाक येते. आणि तरीसुद्धा त्यात एक राजेशाही ठसका आहे. ‘कोणतेही कारण न देता कोणतीही अथवा सर्व निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे.’ हे वाक्य मला फार आवडते. घरी एकदा सौभाग्यवतींनी कारल्याची भाजी केली तेव्हा मी ते म्हणून पाहिले. तिने कारण न देता आमटीही नाकारली.

आता कथानकाकडे वळू. पूर्वार्धाचे नाव ‘लिफाफा क्रमांक एक’, उत्तरार्धाचे ‘लिफाफा क्रमांक दोन’. खरे म्हणजे आता लिफाफा उरलेला नाही. सगळा व्यवहार संगणकावर, सहीसुद्धा आकड्यांची. पाकीट गेले, गोंद गेला, लाखेचा शिक्का गेला. पण लिफाफा हा शब्द राहिला. पहिल्या लिफाफ्यात ठेकेदाराने आपण कोण आहोत ते सिद्ध करायचे, दुसऱ्यात किती पैशांत काम करू ते सांगायचे. पहिल्यात नापास झालेल्याचा दुसरा लिफाफा उघडत नाहीत. मोठी नाट्यपूर्ण रचना आहे ही.

पहिल्या लिफाफ्यात काय काय लागते? तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे, उलाढालीचा सनदी लेखापालाचा दाखला, जीएसटीची नोंदणी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा योजनेचा क्रमांक, पॅन, ऐपतीचा दाखला, बयाणा रक्कम आणि प्रतिज्ञापत्रे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत बयाण्याचे प्रमाण अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के सांगितले आहे, त्याच सुमाराचा आकडा इथेही असतो. प्रतिज्ञापत्रांतले एक असे, की ‘मी काळ्या यादीत नाही.’ जो काळ्या यादीत आहे तोच हे पत्र सर्वांत सुबक लिहून आणतो, असा आमच्या शाखेतल्या जुन्या मंडळींचा अनुभव आहे. २०२४ साली महाराष्ट्रात शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली. म्हणजे सत्य बोलण्याचा खर्च एका रात्रीत पाचपट झाला.

मग अनुभवाची अट. इथे आपण या प्रकारातल्या एका अभिजात उताऱ्यापाशी येतो. केंद्रीय दक्षता आयोगाने १७ डिसेंबर २००२ च्या पत्रकात ठेकेदाराच्या पात्रतेचे एक माप घालून दिले. गेल्या सात वर्षांत समान स्वरूपाची तीन कामे, प्रत्येकी अंदाजित किमतीच्या चाळीस टक्क्यांची. किंवा दोन कामे पन्नास टक्क्यांची. किंवा एक काम ऐंशी टक्क्यांचे. शिवाय तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजाच्या निदान तीस टक्के. मूळ पत्रकाचा हेतू सरळ आणि चांगला होता. अटी अशा वाकवू नका की एकाच लाडक्याला मापात बसतील, आणि इतक्या सैलही ठेवू नका की कोणीही शिरेल, हे त्याचे सार. हे माप देशभर पसरले. रस्त्याला आले, पुलाला आले, नाल्याला आले आणि फिरत फिरत आमच्या बागेत येऊन बाकावर बसले.

प्रश्न फक्त एवढाच, की बागेच्या बाबतीत ‘समान स्वरूपाचे काम’ म्हणजे कोणते? माझ्या टेबलावर आलेल्या फायलींत अनुभवाचे जे दाखले जोडलेले असतात, त्यांत पदपथाचे काँक्रीट असते, कुंपणाची भिंत असते, एकात तर स्मशानभूमीची रंगरंगोटी होती. हे लोक बागेत आले की साहजिकच जे येते ते करतात. सिमेंट येते, तर सिमेंट ओततात. म्हणून बागेत गेल्यावर पहिल्यांदा दिसतो तो फायबरचा जिराफ, मग सिमेंटचे झाडाचे खोड, ज्याच्या पोटात कचरा टाकायचा. आणि खऱ्या झाडाभोवती बुंध्याला घट्ट भिडवलेल्या फरशा. झाडाच्या मुळाला हवा आणि पाणी लागते, हे चौथीच्या पुस्तकात आहे. दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१३ साली आदेशच द्यावा लागला, की बुंध्याभोवती एक मीटर जागेतले काँक्रीट काढा. चौथीचे पुस्तक आणि न्यायाधिकरण यांच्यामध्ये कुठेतरी आमची निविदा उभी आहे, आणि तिला यातले काही ठाऊक नाही.

इथे मला एका गृहस्थांची आठवण होते. गुस्ताव क्रुम्बीगल. जातीचा जर्मन माळी, लंडनजवळच्या क्यू उद्यानात काम केलेला. १८९३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात आला आणि महाराजांच्या बागा त्याच्या हाती आल्या. पुढे १९०८ मध्ये तो बंगळूरच्या लालबागेत गेला. रस्त्याकडेला झाडे अशी निवडायची, की एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा आणि शहरात बारा महिने कुठे ना कुठे काही ना काही फुललेले असावे, ही त्याची कल्पना. शहराला फुलांचे वेळापत्रक लावून दिले या माणसाने!

आता समजा, हेच क्रुम्बीगलसाहेब आमच्या वॉर्डाची निविदा भरायला आले आहेत. उलाढालीचा दाखला? नाही. ऐपतीचा दाखला? नाही. समान स्वरूपाची तीन कामे? ‘बडोदे,’ ते म्हणतील. ‘सदर काम संस्थानाचे आहे, स्थानिक स्वराज्य संस्थेचे नाही. शिवाय कामपूर्तीचा दाखला जोडलेला नाही.’ साहेबांचा पहिला लिफाफा तिथेच बंद. आणि त्यांच्या मागे रांगेत उभा असलेला स्मशान रंगवणारा पात्र! सयाजीरावांनी माणूस नेमताना त्याला झाडे कळतात की नाही ते पाहिले. एवढी साधी गोष्ट त्यांना सुचली, याचे कारण त्यांच्या काळी पुस्तिका ९७ पानांची नसावी.

आता निसर्गवर्णन. बागेवरच्या ग्रंथात ते भरपूर असेल अशी रसिक वाचकांची अपेक्षा असणार. आहे, पण तक्त्यात आहे. ‘वृक्ष – नग. झुडपे – नग. हंगामी फुलझाडे – नग. हिरवळ – चौरस मीटर.’ वड हाही नग, झेंडू हाही नग. अद्वैत म्हणतात ते हेच. हिरवळ महिन्यातून दोनदा कापावी, असे कलम आहे. मग तो महिना जुलै असो की मे. गवताचे एक साधे शास्त्र आहे: एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये, आणि उन्हाळ्यात ते जरा उंच राहू द्यावे, म्हणजे खालची माती तापत नाही. निविदेचे गवत मात्र कॅलेंडर बघून वाढते. पाणी रोज द्यावे आणि दिल्याचे छायाचित्र तारीख-वेळेसह पाठवावे, हे दुसरे कलम. त्यामुळे भर पावसात एक माळी नळी धरून उभा आहे आणि दुसरा फोन भिजू नये म्हणून छत्री धरून त्याचे छायाचित्र काढतो आहे, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे. कालिदासाने पाहिले असते तर त्याने मेघाला परत पाठवले असते.

परंतु या ग्रंथातले माझे सर्वांत आवडते स्थळ पालापाचोळ्याचे. पान ५२ वर म्हटले आहे, की बागेत पडलेला पालापाचोळा रोज उचलून बागेबाहेर न्यावा. त्याचा दर इतका. पान ५८ वर म्हटले आहे, की बागेस खत बाहेरून आणून पुरवावे. त्याचा दर इतका. मी गेली वीस वर्षे नावे आणि जमा यांच्यात हयात घालवली, पण असा व्यवहार पाहिला नाही. झाड स्वतःचे खत स्वतःच्या पायाशी रोज फुकट टाकते. आपण ते पैसे देऊन फेकतो आणि पुन्हा पैसे देऊन दुसऱ्याचे आणतो. बागेतला पाचोळा शक्यतो बागेतच जिरवावा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांनीही सांगितले होते. पण नियम एका कपाटात आणि निविदा दुसऱ्या कपाटात असली, की दोघांची गाठ पडत नाही.

आता रौद्ररस. तो दंडाच्या तक्त्यात आहे. माळी गैरहजर – दंड. दिवा बंद – दंड. गणवेश नाही – दंड. आणि झाड मेले तर? ‘सदर नग ठेकेदाराने स्वखर्चाने बदलून द्यावा.’ वाचकहो, इथे जरा थांबा. पन्नास-साठ वर्षांचा शिरीष वाळला, त्याच्या जागी काठीला बांधलेले हातभर रोप लावले, की एक नग नावे, एक नग जमा, ताळा जुळला! हिशेबशास्त्रात बहुतेक टिकाऊ मालमत्तेला घसारा असतो. टेबल, खुर्ची, इमारत, मोटार, सगळ्यांची किंमत वर्षागणिक उतरते. झाड ही अशी मालमत्ता आहे, की तिची किंमत वर्षागणिक चढते, आणि नेमका तिच्यासाठीच आपल्या वहीत रकाना नाही. महाराष्ट्राचा झाडे जतन करण्याचा कायदा १९७५ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसावृक्ष ठरले, आणि झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत असे आले. म्हणजे कायद्याला झाडाचे वय कळते. निविदेला नग कळतो.

इतके झाल्यावर वाचकाला वाटेल, की ही निविदा लिहिणारी माणसे बुद्धू आहेत. तसे मुळीच नाही. कोणतेही कलम असेच आकाशातून पडत नाही. कलम म्हणजे जुन्या जखमेचा व्रण. कधीतरी कोणीतरी माळी न ठेवता माळ्याचे बिल लावले, म्हणून छायाचित्राचे कलम आले. कधीतरी कोणीतरी पाचोळ्याचे ढीग पेटवून दिले, म्हणून उचलण्याचे कलम आले. प्रत्येक अटीमागे एक लेखापरीक्षक चष्मा पुसत उभा आहे. उद्यान अधीक्षकाने उद्या लिहिले, की ‘या माणसाला झाडे कळतात म्हणून काम दिले’, तर परवा आक्षेप येईल: ‘कळतात हे कशावरून? दाखला जोडावा.’ म्हणून तो बिचारा कागदावर सिद्ध होते तेवढेच मागतो. ज्याची पावती मिळते ते सारे निविदेत आले. ज्याची मिळत नाही ते बाहेर राहिले, आणि बाग नेमकी त्याच्यावर चालते.

मग येतो उत्तरार्ध, लिफाफा क्रमांक दोन. पात्र ठरलेल्यांत ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याला काम. इथे मी वाणिज्य शाखेचा थोडा उपयोग करतो. समजा, एका बागेचा वर्षाचा अंदाज दहा लाखांचा आहे. बाग ही हातांनी चालते, तेव्हा समजा यातले सात लाख निव्वळ माळ्यांच्या किमान वेतनाचे. एक ठेकेदार अंदाजापेक्षा पस्तीस टक्के कमी दराने भरतो. म्हणजे साडेसहा लाख. साडेसहा लाखांत सात लाखांची मजुरी, नळी, खत, यंत्राचे इंधन, भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के, विम्याचे सव्वातीन टक्के आणि स्वतःचा नफा. हे गणित आमच्या वेळी पेपरात आले असते तर आम्ही ‘प्रश्न चुकीचा आहे’ असे लिहून दोन गुण मिळवले असते. इथे त्याला कार्यादेश मिळतो. फार तर जादा अनामत मागतात, म्हणजे तो पुन्हा माझ्या टेबलाशी येतो.

हे गणित सुटते कसे, ते पुस्तिकेत नाही. ते मला आमच्या काउंटरवर कळले.

आमच्या शाखेजवळच्या बागेतल्या माळ्याचे खाते आमच्याकडे आहे. साठीला टेकलेले गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. बावीस वर्षे त्याच बागेत. ठेकेदार येतात आणि जातात, मामा तेच. फक्त अंगातला शर्ट बदलतो. हिरवा होता, मग निळा झाला, सध्या पोपटी आहे. पाठीवरचे नाव दर वेळी निराळे. गंमत म्हणजे दर वेळी जो अनुभवाचा दाखला निघतो तो शर्टावरच्या नावाचा निघतो. अनुभव मामांचा, दाखला ठेकेदाराचा.

एकदा मामा पासबुक भरून घ्यायला आले.

‘साहेब, जरा वाचून सांगा की, पगार किती आलाय.’

मी वाचले. आकडा बरोबर होता. किमान वेतनाइतका, रुपया कमी नाही. आणि त्याच तारखेला त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम यंत्रातून काढलेली. मागच्या महिन्यात तसेच. त्याच्या मागच्या महिन्यात तसेच.

‘मामा, हे पैसे तुम्ही काढले?’

‘मी कशाला? कार्ड मुकादमाकडं असतंय. समद्यांचीच असत्यात. रबर लावून ठेवतो तो.’

‘अहो, मग कार्ड मागून घ्या. मी आत्ता बंद करून नवं देतो. आकडा कुणाला सांगू नका.’

मामांनी माझ्याकडे पाहिले. बँकेतल्या माणसाला सगळे सांगावे लागते, असे काहीसे त्या पाहण्यात होते.

‘देशीला साहेब. तुझं काम तू केलंस. पन उद्या सकाळी हजेरीत नाव कोन लावंल?’

‘तक्रार करा.’

‘केली हुती. निळ्या शर्टाच्या टायमाला. ज्यानं केली, त्याला पोपटी शर्ट मिळाला न्हाई.’

वेतन बँकेतूनच द्यावे, हे कलम पान ७१ वर आहे. त्याचे पालन तंतोतंत झालेले आहे. पुरावा म्हणून बँकेचे विवरणपत्र दर महिन्याच्या देयकाला जोडलेले असते, आणि ते आमच्याच शाखेतून, आमच्याच शिक्क्याने जाते. पस्तीस टक्के कोठून आले, हे त्या दिवशी मला कळले. तेव्हापासून ‘लघुत्तम देकार’ हे शब्द मला पूर्वीसारखे नुसते विनोदी वाटत नाहीत.

समीक्षकाने नुसते दोष दाखवू नयेत, लेखकाला दिशाही दाखवावी असे म्हणतात. म्हणून पुढील आवृत्तीसाठी चार सूचना करतो. लेखापरीक्षकांना त्रास होऊ नये म्हणून त्या मोजता येतील अशाच ठेवल्या आहेत.

पहिली: लिफाफा क्रमांक एक बागेत उघडावा. निविदाकाराने किंवा त्याच्या पर्यवेक्षकाने अधीक्षकाबरोबर एक फेरी मारावी आणि बागेतली दहा झाडे ओळखावीत. बकुळ कोणती, करंज कोणता, आणि ही वाळलेली फांदी कापायची झाली तर करवत नेमकी कुठे टेकवायची. दहापैकी सातांना पास. पहिल्या पाच मिनिटांत निम्मे लिफाफे आपोआप मिटतील.

दुसरी: ज्या दरात माळ्यांचे किमान वेतनही बसत नाही, ती निविदा सर्वांत कमी म्हणून निवडू नये, सर्वांत कमी म्हणूनच फेटाळावी. यासाठी नवा अधिकार लागत नाही. ‘कोणतेही कारण न देता’ तो राखून ठेवलेलाच आहे. इथे तर कारणही देता येईल.

तिसरी: झाडांप्रमाणे माळ्यांचीही यादी बागेच्या नावे असावी. ठेकेदार बदलला तरी माळी बागेचा राहावा, आणि त्याचे कार्ड त्याच्या खिशात आहे की नाही, हे निरीक्षकाने हजेरी घेताना पाहावे. दिवा लागतो की नाही ते पाहतातच.

चौथी: बिल झाडलोटीवर नव्हे, जगण्यावर द्यावे. लावलेले रोप तीन पावसाळे काढील तेव्हा त्याचे शेवटचे पैसे. झाड हेच आपले कामपूर्तीचे प्रमाणपत्र, आणि ते खोटे छापता येत नाही.

एकंदरीत पाहता हा ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेला, बांधणीने भक्कम, दंडाच्या प्रकरणात प्रभावी, परंतु व्यक्तिचित्रणात पार फसलेला आहे. ९७ पानांत ठेकेदार शेकडो वेळा येतो, सक्षम प्राधिकारी पानोपानी येतो. माळी येतो तो मनुष्यबळाच्या तक्त्यात, ‘अकुशल’ या रकान्यात. बावीस वर्षे एक बाग जिवंत ठेवणारा माणूस अकुशल, आणि तिचा फायबरचा जिराफ बसवणारा कुशल! एखाद्या कादंबरीत लेखक नायकालाच विसरला असता, तर आपल्या टीकाकारांनी त्याला उभे जाळले असते.

परवा शनिवारी ही पुस्तिका मी मामांना दाखवली. म्हटले, ज्यांच्यावर लिहिले आहे त्यांचाही अभिप्राय घ्यावा. त्यांनी ती हातात तोलून पाहिली, पाने अंगठ्याने फर्रकन उडवली.

‘ह्यात पान्याचं काय लिवलंय?’

मी शोधून वाचले. ‘पाण्याची व्यवस्था ठेकेदाराने आपल्या जबाबदारीवर करावी.’

‘म्हंजी काय न्हाईच लिवलं.’ मामांनी एक पान दोन बोटांत धरून चोळले. ‘पन कागद जाड हाय साहेब. राहू द्या हितं. गुलाबाच्या वाफ्यात अंथरून वरनं पाचोळा टाकतो. तन येत न्हाई, वल बी टिकती.’